खुर्च्या आधी गोलात मांडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

स्वयंसेवी संस्था आणि टेक्नॉलॉजी या विषयावरच्या कॉन्फरन्सच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात आणि मी त्या आवर्जून वाचते, कारण गेली पंधरा वर्षं माझं कामच ते आहे, संस्थांचा डेटा, त्यांची सॉफ्टवेअर, बंद पडलेले सर्व्हर आणि हरवलेले पासवर्ड. बातमीत प्रमुख पाहुणे कोण होते, कुठल्या ॲपचं लॉन्चिंग झालं, किती संस्था आल्या हे सगळं असतं. समोर बसलेल्यांनी काय सांगितलं ते मात्र नसतं, आणि यात बातमीदाराची चूक नाही, कारण बहुतेक वेळा समोरच्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं. मला त्याबद्दलच लिहायचंय. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कॉन्फरन्सला एका सॉफ्टवेअरचा डेमो होता. आरोग्याच्या कामाची नोंदणी, मोबाइलवर फॉर्म भरला की लगेच डॅशबोर्डवर, म्हणजे सगळी माहिती एकत्र दाखवणाऱ्या स्क्रीनवर, आकडे. स्टेजवर वयोगटांचे रंगीत चार्ट दाखवले, टाळ्या झाल्या, प्रश्नांसाठी पाच मिनिटं ठेवली होती ती आधीचं भाषण लांबल्यामुळे गेली. मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, त्याच सॉफ्टवेअरमध्ये रोज एन्ट्री करणाऱ्या. त्या सहज बोलता बोलता म्हणाल्या, ताई, त्या वयाच्या चार्टचं काही खरं नाही हो, जन्मतारखेचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नाही आणि कितीतरी लोकांना स्वतःची तारीख माहीत नसते, मग आम्ही सगळ्यांना १ जानेवारी टाकतो आणि वर्ष अंदाजाने.

दोन वर्षं त्या हे करत होत्या. त्यांच्याकडे एन्ट्री करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं. ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं तो मुलगा आमच्यापासून दहा पावलांवर उभा होता, त्याला माहीत नव्हतं, आणि त्या चार्टवरून पुढच्या वर्षीचं काम ठरवणाऱ्यांना तर नव्हतंच. मी त्या दोघांची गाठ घालून दिली. तो आधी गोंधळला, मग तिथेच लॅपटॉप उघडून बघितलं तर १ जानेवारीचा हा ढीग लागलेला. 'तारीख माहीत नाही, वय अंदाजे' एवढा एक पर्याय द्यायचा होता, तो त्याने पुढच्याच आठवड्यात दिला. दोन वर्षांची चूक सुट्टीतल्या दहा मिनिटांत सापडली, आणि तीही योगायोगाने, मी त्या बाईंच्या शेजारी उभी नसते तर अजूनही तसंच चाललं असतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय की हे योगायोगावर का सोडायचं, दोन दिवस आणि एवढा खर्च करून आपण लोकांना एकत्र आणतो तर ही गाठ मुद्दाम का घालून देत नाही.

हा प्रश्न माझ्या आधी बऱ्याच जणांना पडलाय. हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ मध्ये २५० लोकांची एक आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स भरवली होती, वर्षभर राबले होते त्यासाठी, आणि सगळं झाल्यावर त्यांच्यासकट सगळ्यांचं एकमत काय, तर सगळ्यात छान झाल्या त्या मधल्या सुट्ट्या. म्हणजे ज्याच्या तयारीत त्यांचा काहीच हात नव्हता तेवढीच गोष्ट. त्यातूनच १९८५ मध्ये त्यांनी ओपन स्पेस नावाची पद्धत काढली. आधीपासून छापलेला कार्यक्रम नाही, लोक गोलात बसतात, ज्याला जो विषय घ्यायचाय तो कागदावर लिहून उभं राहून सांगतो आणि भिंतीवरच्या वेळापत्रकात कागद चिकटवतो, तास-दीड तासात पूर्ण मेळाव्याचा कार्यक्रम तयार होतो आणि तो आलेल्या लोकांचा असतो. पुढे २००५ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला पहिला बारकॅम्प झाला तो पण असाच, फक्त निमंत्रितांसाठी असलेल्या एका मेळाव्याला पर्याय म्हणून काही जणांनी आठवड्याभरात उभा केलेला, कुणीही यावं आणि आलेल्याने काहीतरी सांगावं, आणि तिथून ती कल्पना जगभर गेली.

पण मला स्वतःला यापेक्षाही जुनं एक उदाहरण जास्त जवळचं वाटतं, आणि ते कॉम्प्युटरचं नाहीये. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९३२ मध्ये हायलँडर नावाची शाळा सुरू झाली, मायल्स हॉर्टन हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तिथे मजूर आणि नंतर नागरी हक्कांचे कार्यकर्ते यायचे, गोलात बसायचे आणि आपापल्या अडचणी एकमेकांसमोर मांडायचे, बाहेरचा तज्ञ येऊन उत्तर देईल असं तिथे नव्हतं. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात तिथल्या वर्कशॉपला जाऊन आल्या होत्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी, एका काळ्या बाईने, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. याच शाळेच्या मदतीने जानेवारी १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर प्रौढांचा एक वर्ग सुरू झाला, कारण तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायला वाचता यावं लागायचं आणि काळ्या लोकांना त्याच नावाखाली बाहेर ठेवलं जायचं. शिकवायला कोणाला घेतलं, तर बर्निस रॉबिन्सन यांना, ज्या ब्यूटी पार्लर चालवायच्या आणि कधीच शिक्षिका नव्हत्या. मुद्दाम तसं घेतलं होतं, शिक्षक आला की तो शाळेसारखं शिकवायला लागेल म्हणून. त्यांनी पहिल्याच दिवशी लोकांना विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय. लहान मुलांची पुस्तकं आणली होती ती बाजूला ठेवली आणि लोकांनी जे मागितलं, स्वतःचं नाव लिहिणं, मनी ऑर्डरचा फॉर्म भरणं, यावरून वर्ग सुरू झाला. पहिल्या वर्गात १४ जण होते. पुढे असे वर्ग अमेरिकेच्या दक्षिण भागात ठिकठिकाणी निघाले.

आता याचा संस्थांच्या सॉफ्टवेअरशी काय संबंध असं कुणी विचारेल. मला तर सरळच संबंध दिसतो. आम्ही टेक्नॉलॉजीवाले संस्थांकडे जाताना अशीच लहान मुलांची पुस्तकं घेऊन जातो. क्लाउड म्हणजे काय, डॅशबोर्ड म्हणजे काय, एआय म्हणजे काय. आणि समोरच्या माणसाला हवं असतं की तीन फंडर्सना (म्हणजे संस्थेला पैसे देणाऱ्यांना) तीन वेगळ्या फॉरमॅटमध्ये रिपोर्ट द्यायचाय तो एका एक्सेलमधून कसा काढू, किंवा सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये सगळी खाती अडकलीत ती कशी सोडवू. मनी ऑर्डरचा फॉर्म भरायला शिकवा म्हणताहेत लोक, आणि आपण त्यांना बाराखडी गिरवायला लावतोय.

या क्षेत्राची सुरुवात खरं तर एकमेकांना मदत करण्यातूनच झाली होती. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युमेंटर नावाची संस्था निघाली (आज तिला टेकसूप म्हणून ओळखतात), ज्यांना कॉम्प्युटर कळतो अशा व्हॉलंटियर्सची आणि ज्यांना गरज आहे अशा संस्थांची गाठ घालून द्यायची एवढंच तिचं काम होतं. नव्वदच्या दशकात सर्किट रायडर म्हणून लोक होते, पूर्वी घोड्यावरून वस्त्या-वस्त्यांना फिरणाऱ्या धर्मोपदेशकांवरून पडलेलं ते नाव, हे लोक या संस्थेतून त्या संस्थेत फिरायचे, कुठे नेटवर्क लावून द्यायचे कुठे डेटाबेस, आणि जाताना एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी न्यायचे. माझ्या मते तो न्यायचा भागच सगळ्यात किमती होता. आज व्हिडिओ आहेत, मॅन्युअल आहेत, हवं ते सर्च करता येतं, पण 'आम्ही पण हेच सॉफ्टवेअर घेतलं आणि सहा महिन्यांत सोडलं, का सोडलं ते ऐका' हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं, ते माणसाच्याच तोंडून ऐकावं लागतं आणि त्यासाठी त्या माणसाला तुमच्यावर विश्वास वाटावा लागतो.

मी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने सहभागाच्या अशा मेळाव्याला गेले तेव्हा सुरुवातीला चिडले होते हे प्रामाणिकपणे सांगते. स्लाइड लावायची नाही असा नियम (ऍस्पिरेशन नावाची कॅलिफोर्नियातली संस्था २००१ पासून या क्षेत्रात आहे, स्लाइडशिवायचे आणि पॅनलशिवायचे मेळावे त्यांनी खूप घेतलेत, आमच्या आयोजकांनी बरंचसं तिकडूनच घेतलं होतं). मी तर तीस स्लाइड करून नेल्या होत्या. पहिला अर्धा तास सगळ्यांनी फक्त नाव आणि 'मी इथे काय शोधायला आलोय' एवढं एका वाक्यात सांगितलं. मग जमिनीवर एक लांब रेघ मारली, एक टोक म्हणजे पूर्ण मान्य आणि दुसरं टोक म्हणजे अजिबात नाही, आणि फॅसिलिटेटरने (मेळावा चालवणाऱ्या व्यक्तीने) एक वाक्य म्हटलं, संस्थेने स्वतःचं सॉफ्टवेअर कधीच बनवू नये. सगळ्यांनी आपापल्या मताप्रमाणे रेघेवर उभं राहायचं. मी मान्यच्या टोकाला गेले. दुसऱ्या टोकाला एकटाच एक माणूस उभा होता, त्याला विचारलं तर म्हणाला, आमचे लोक जी भाषा बोलतात तिच्यातलं सॉफ्टवेअर बाजारात नाहीच, मग आम्ही काय करायचं. मी चार पावलं त्याच्या बाजूला सरकले, माझ्याबरोबर अजून काही जण सरकले. ऐकून मत बदललं तर जागा बदलायची असाच खेळ होता तो. कुठल्याही पॅनल डिस्कशनमध्ये मी असं कुणाला सगळ्यांसमोर मत बदलताना बघितलेलं नाही, आणि स्वतः बदलल्याचं तर मुळीच आठवत नाही.

दुपारच्या एका सेशनचं नाव होतं 'आमचं काय फसलं'. दहा-बारा जण, दार बंद, आणि आधी एक नियम सांगितला की इथे ऐकलेलं बाहेर वापरा पण कोण बोललं आणि कुठल्या संस्थेचं ते सांगायचं नाही. लंडनच्या चॅटहॅम हाउस या आंतरराष्ट्रीय विषयांवरच्या अभ्यास संस्थेत १९२७ पासून हा नियम आहे, तोच आम्ही घेतला. पहिली पाच-सात मिनिटं कुणीच बोलेना. मग एकाने सांगितलं की आम्ही दोन वर्षं रोज रात्री बॅकअप घेत होतो, हिरवी टिक यायची, आणि सर्व्हर गेला त्या दिवशी कळलं की बॅकअपची फाइल रिकामी आहे, कारण तो रिस्टोअर होतो का, म्हणजे त्यातून डेटा परत मिळतो का, हे एकदाही करून बघितलं नव्हतं. खोलीत जी शांतता झाली ती मला अजून आठवते. प्रत्येकजण मनात आपल्या बॅकअपचा विचार करत होता. मी तर त्याच रात्री ऑफिसात फोन केला. आमचा रिस्टोअर झाला, पण त्या गटातल्या दुसऱ्या एकीने आठवड्याने कळवलं की तिचा झाला नाही, बरं झालं आत्ता कळलं. हाच विषय स्लाइडवर 'बॅकअप नियमित तपासा' असा एका ओळीत मी किमान वीस वेळा वाचला असेन, आणि एकदाही ऑफिसात फोन केला नव्हता.

म्हणून मला वाटतं की फसलेलं सांगता येईल अशी जागा तयार करणं हे अशा मेळाव्याचं पहिलं काम आहे. संस्थांना हे सोपं नसतं. फंडर खोलीत बसलाय आणि त्याच्याच पैशातून केलेलं ॲप कुणी वापरत नाही हे कोण सांगणार. मी काही ठिकाणी बघितलंय की फंडर्सना त्या एका सेशनला येऊ नका अशी स्पष्ट विनंती करतात आणि समजूतदार फंडर ऐकतात पण.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण आजकाल 'सहभागी पद्धत' हा शब्द कुठेही लावतात. खुर्च्या गोलात मांडल्या, स्टिकी नोट्सचे गठ्ठे ठेवले आणि 'तुम्हीच ठरवा' म्हणून आयोजक बाजूला झाले म्हणजे सहभाग झाला असं नाही. अशा एका मेळाव्याला मी दोन दिवस बसलेय. त्याच पाच-सहा लोकांनी सगळे विषय घेतले, तेच बोलले, एकमेकांना आधीपासून ओळखणारे होते ते, त्यांचे विनोद पण त्यांनाच कळत होते, आणि बाकीचे गोलात बसून परत श्रोतेच झाले. अमेरिकन स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या स्त्रीवादी गटांबद्दल हे फार नेमकं मांडलं होतं, की ज्या गटात काही रचना नाही असं म्हणतात तिथे पण रचना असतेच, ती फक्त दिसत नाही, आणि जी सत्ता दिसत नाही तिला जाब विचारता येत नाही. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला, अजून आमच्या मेळाव्यांत तेच होतं.

ओपन स्पेसमध्ये दोन पायांचा नियम म्हणून एक आहे, आपण जिथे आहोत तिथे शिकत नसू आणि काही देतही नसू तर उठून दुसरीकडे जायचं. ऐकायला किती छान. पण तुमच्या संस्थेचे डायरेक्टर त्याच गोलात बसलेत आणि तुम्ही सहा महिन्यांपूर्वी लागलेली डेटा एन्ट्री करणारी मुलगी आहात, तर तुमचे पाय उचलतील का. त्याच पद्धतीचं दुसरं एक तत्त्व आहे की जे आलेत तेच योग्य लोक आहेत. आलेल्यांना धीर द्यायला हे चांगलं आहे, आला नाही त्याच्यासाठी खोळंबून बसू नका एवढा अर्थ घेतला तर मला मान्यही आहे. पण आयोजकांनी याच्या आड लपू नये, कारण जे आले नाहीत ते बहुतेक वेळा म्हणूनच आले नाहीत की त्यांना सुट्टी मिळाली नाही, प्रवासाचा खर्च कुणी देत नव्हतं, किंवा मेळाव्याची भाषा त्यांची नव्हती.

म्हणूनच चांगला फॅसिलिटेटर हे स्वतंत्र आणि कष्टाचं काम आहे. मी ज्यांच्याकडून शिकले त्या बाई मेळाव्याच्या आधी जवळजवळ प्रत्येक येणाऱ्याला फोन करायच्या, वीस मिनिटं, तुम्हाला काय हवंय, तुम्हाला काय येतं, कशाची भीती वाटते. दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असायचा कारण बहुतेकांचं उत्तर 'मला काही विशेष येत नाही' असं असायचं आणि मग दहा मिनिटांनी कळायचं की या माणसाने एकट्याने चाळीस हजार जुन्या कागदी नोंदी कॉम्प्युटरवर आणल्यात. त्याला त्या म्हणायच्या, याच्यावरच एक सेशन घ्या, स्लाइड नको काही नको, फक्त कसं केलं ते सांगा आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. सेशनमध्ये बारापेक्षा जास्त लोक झाले की त्या सरळ दोन गट करायच्या. कुणी न कळणारा शब्द वापरला, एपीआय म्हणा, स्कीमा म्हणा, की ऐकणाऱ्याने हात वर करायचा आणि बोलणाऱ्याने थांबून साध्या भाषेत सांगायचं, आणि पहिला हात त्या स्वतः वर करायच्या, माहीत असलेल्या शब्दाला सुद्धा, म्हणजे बाकीच्यांना लाज वाटत नाही. हे त्यांनी नंतर मला सांगितलं तेव्हा कळलं, तोवर मला खरंच वाटत होतं की त्यांना कळत नाहीये.

नवीन माणसाला कुठे उभं करायचं याचा विचार पण असाच करावा लागतो. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये शिकण्याबद्दल जे मांडलं त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथे नवा मुलगा कापड कापण्यापासून सुरू करत नाही. तो बटणं लावतो, कडा शिवतो, म्हणजे तयार होत आलेल्या कपड्याचं शेवटचं काम, आणि ते करता करता अख्खा कपडा कसा जोडलाय हे त्याच्या हाताला कळतं, मग शिवण, आणि कापणं सगळ्यात शेवटी कारण चूक झाली तर कापड वाया जातं. मला हे वाचून पटकन आमचे ओपन सोर्सवाले आठवले, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर मिळून बनवणारे. नवीन आलेल्याला ते म्हणतात कोड बघ आणि सुरू कर. त्यापेक्षा मदतीच्या पानांचं भाषांतर, फॉर्म स्वतः भरून बघून कुठे अडतो ते लिहून देणं, बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक नीट कळवणं, ही आमची बटणं आहेत. ओपनस्ट्रीटमॅपने, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या जगाच्या खुल्या नकाशाने, हे फार सुंदर केलं. मे २००६ मध्ये आइल ऑफ वाइट या इंग्लंडच्या बेटावर लोक वीकएंडला जीपीएस घेऊन जमले, रस्त्या-रस्त्याने फिरले आणि नकाशा भरला, कुणाला प्रोग्रामिंग यायची गरज नव्हती, चालता आलं, सायकल चालवता आली की झालं. अशा मॅपिंग पार्ट्या मग ठिकठिकाणी झाल्या. आणि जानेवारी २०१० मध्ये हैतीला भूकंप झाला तेव्हा सॅटेलाइटचे फोटो बघून पोर्ट-ऑ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत नकाशावर आणणारे जगभरचे व्हॉलंटियर्स तयार होते, मदत पथकांनी तो नकाशा वापरला. आधीची कित्येक वर्षं लोक एकमेकांना शिकवत होते म्हणून ते त्या आठवड्यात जमलं.

याउलट हॅकेथॉनबद्दल माझं मत चांगलं नाही. चोवीस तास जागून तरुण मुलं संस्थेच्या 'समस्येवर' ॲप बनवतात, बक्षीस मिळतं, फोटो येतो, आणि महिन्याभरात ते ॲप सांभाळायला कुणी नसतं. मुलांचा उत्साह खरा असतो, त्यांना मी दोष देत नाही. पण मी दोन वेळा परीक्षक म्हणून बसले आणि दोन्ही वेळा ज्या लोकांसाठी ॲप होतं त्यातलं एक माणूस खोलीत नव्हतं. तेच चोवीस तास या मुलांनी एखाद्या संस्थेच्या एन्ट्री करणाऱ्यांच्या शेजारी बसून घालवले असते आणि त्यांचा फॉर्म तीन रकान्यांनी लहान केला असता तर जास्त उपयोग झाला असता असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाचं. असा मेळावा स्वस्त असतो असा समज आहे, ना मोठे वक्ते ना स्टेज. प्रत्यक्षात फॅसिलिटेटरचे आधीचे कित्येक आठवडे, दुभाषे, लहान संस्थांच्या लोकांचा प्रवास, लहान मुलं असलेल्यांसाठी मुलांना सांभाळायची सोय, आणि सगळ्यात विसरला जाणारा खर्च म्हणजे नोंदी. प्रत्येक सेशनला एक जण शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये लिहीत असतो, ते सगळं नंतर वाचून, स्वच्छ करून, नावं काढून लोकांपर्यंत पोचवायला माणूस लागतो, नाहीतर दोन महिन्यांनी ती लिंक कुणाला सापडत नाही. फंडर्स ॲपला पैसे देतात, टॅब्लेटला देतात, ट्रेनिंगला पण देतात, पण 'लोकांनी एकमेकांकडून शिकावं' या रकान्यात पैसे टाकायला कचरतात कारण शेवटी हातात दाखवायला काय येणार. त्यांना माझं सांगणं आहे की मेळाव्यानंतर सहा आठवड्यांनी आलेल्यांना फोन करा आणि एकच विचारा, तिथून आल्यावर तुम्ही काय वेगळं केलंत आणि कुणाला फोन केलात. आमच्या त्या पहिल्या मेळाव्यातून सात जणांची दर महिन्याची एक ऑनलाइन भेट सुरू झाली, ती अजून चालू आहे. कुणाचा सर्व्हर पडला की पहिला मेसेज तिथे येतो, रात्री अकराला पण येतो, आणि कुणीतरी उत्तर देतंच. तारखा उलट-सुलट झालेल्या एक्सेल फाइली सरळ करायची एक छोटी स्क्रिप्ट त्यातल्या एकाने लिहिली होती, ती आज आम्ही सातही जण वापरतो.

१ जानेवारीवाल्या त्या बाईंना मी पुढच्या एका मेळाव्याला आग्रहाने घेऊन गेले. त्यांच्या संस्थेला वाटत होतं की त्यांच्या सुपरवायझरने जावं, एन्ट्री करणाऱ्याचं तिथे काय काम, दोन वेळा बोलावं लागलं मला. तिथे त्यांनी सेशन घेतलं, विषयाचा कागद त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला, 'फॉर्म भरताना आम्ही काय काय खोटं लिहितो आणि का'. सुरुवातीला आवाज कापत होता. फोन नंबर नसेल तर शेजारच्याचा टाकतो, शिक्षणाच्या यादीत बसत नाही त्याला 'इतर' करतो, संध्याकाळी नेट येईल तेव्हा सगळे फॉर्म एकदम भरतो म्हणून भेटीची वेळ सगळीकडे रात्री आठ दिसते. चार डेव्हलपर पुढे सरकून बसले होते आणि लिहून घेत होते. खोली भरली, फॅसिलिटेटर बाईंनी दोन गट करायचे म्हटलं तर कुणी उठायला तयार होईना.

संपादक महोदय, म्हणून माझी आपल्याकडे एक साधी मागणी आहे. पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाला बातमीदार पाठवाल तेव्हा त्यांना पहिल्या रांगेत बसू देऊ नका. एखाद्या लहान खोलीतल्या सेशनला आयोजकांची आणि लोकांची परवानगी घेऊन बसू द्या, आणि बातमीत लिहा की फॉर्म भरणारे किती जण आले होते, ते काय म्हणाले, आणि त्यांच्यापैकी कुणी सेशन घेतलं का. कुठल्या ॲपचं लॉन्चिंग झालं ते खाली एका ओळीत चालेल.

आपली,
एक वाचक आणि संस्थांच्या कॉम्प्युटरचं काम करणारी कार्यकर्ती